मृत्यूचे कारण कोण लिहितो?

(नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "मृत्यूचा दाखला" असे उत्तर दिले आणि ते क्षणभर गप्प झाले. दीक्षा घेऊन नवे जीवन सुरू केलेल्या कुटुंबांपुढे शाळा, नोकरी, जमीन यांविषयी बोलावे. मरणाविषयी कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. परंतु माझा अनुभव असा की, आपल्यापैकी कितीतरी माणसे घरात कोणाचा तरी मृत्यू झाल्यावरच प्रथम वकिलाच्या दारी येतात. आणि ती येतात तोवर प्रेताची राख झालेली असते, कागद लिहून झालेले असतात, व त्या कागदांवर त्यांचा अंगठाही उमटलेला असतो. सबब हा विषय वेळ येण्यापूर्वीच ऐकून ठेवण्याचा आहे.

काही काळापूर्वी एक भगिनी माझ्या कचेरीत आली. वय पस्तिशीचे, बरोबर शाळेत जाणारा मुलगा. तिचा पती कंत्राटदाराकडे मलवाहिन्या साफ करण्याच्या कामावर होता व तो मॅनहोलमध्ये मरण पावला होता. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेला एक कागद काढला आणि म्हणाली, "वकीलदादा, हा सरकारी दाखला. यावर सगळे लिहिलेले असणार." कागद मृत्यूनोंदणीचा होता. त्यावर मृताचे नाव होते, तारीख होती, ठिकाण होते, आईबापांची नावे होती. मृत्यू कशाने झाला याविषयी एक अक्षर नव्हते. मी तसे सांगितले तेव्हा तिला ते खरे वाटेना. तिने मुलाला तो कागद पुन्हा वाचावयास लावला.

वाचकहो, हा तिचा दोष नव्हे. सुशिक्षित म्हणविणारेही येथेच चुकतात. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या १७ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, मृत्यूच्या नोंदीचा जो उतारा कोणासही द्यावयाचा त्यात मृत्यूच्या कारणाचा तपशील उघड करावयाचा नाही. म्हणजे ग्रामपंचायत वा नगरपालिका तुम्हांस जो दाखला देते तो माणूस मेला एवढेच सिद्ध करतो. वारसाची नोंद, बँकेतील पैसे, निवृत्तिवेतन यांसाठी तो पुरेसा आहे. तो का मेला हे दुसऱ्या कागदांवर असते, आणि ते कागद वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तर म्हणून लिहितात. डॉक्टर लिहितो, पोलीस लिहितो, पंच सही करतो, शवविच्छेदन करणारा वैद्यकीय अधिकारी लिहितो, क्वचित दंडाधिकारी लिहितो. आपल्या हातात यांपैकी कोणता कागद आहे आणि कोणता नाही, हे ओळखता आले म्हणजे निम्मे काम झाले.

प्रथम शब्दांचा घोळ मोडू. "हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू" हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकले असेल. या वाक्याला काही अर्थ नाही. विष प्यालेल्याचेही हृदय बंद पडते, फास लागलेल्याचेही पडते, नव्वद वर्षांच्या आजोबांचेही पडते. प्राण जाताना शरीरात शेवटी काय होते ती झाली मृत्यूची अवस्था. ज्या रोगाने वा इजेने ती अवस्था आणली ते मृत्यूचे कारण. आणि ते कारण कोणत्या परिस्थितीत घडून आले, म्हणजे मृत्यू नैसर्गिक की अपघाती, आत्महत्या की दुसऱ्याच्या हातून, हा झाला मृत्यूचा प्रकार. कारण सांगणे हे मुख्यतः वैद्यकाचे काम आहे. प्रकार ठरविण्यास मात्र प्रेताइतकीच जागाही पाहावी लागते, माणसांना विचारावे लागते. बुडून मृत्यू हे कारण डॉक्टर सांगू शकेल. मनुष्य विहिरीत पडला, त्याने उडी घेतली की त्याला ढकलले, हे केवळ फुफ्फुसातील पाणी सांगत नाही.

रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतो. घरी मृत्यू झाला व अखेरच्या आजारात डॉक्टरचे औषध चालू होते तर नमुना ४अ. हे प्रमाणपत्र देण्यास शुल्क घेता येत नाही. त्याची मांडणी जगभर साधारण एकच आहे. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती ठरवून दिली. पहिल्या भागात सर्वांत वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे झाले ते कारण, आणि तळाशी जेथून ही साखळी सुरू झाली ते मूळ कारण लिहावयाचे असते. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार. वर "रक्तात जंतुसंसर्ग", त्याखाली "आतड्याला छिद्र", त्याखाली "पोटावर बोथट वस्तूचा मार", अशी साखळी असेल तर तळची ओळ महत्त्वाची. ती कोरी सोडली तर खून आजारपणात जमा होऊ शकतो. आपण बुद्धाच्या धम्मात कार्यकारणभाव शिकतो, कारणावाचून काही घडत नाही असे म्हणतो. त्या नमुन्याच्या तळच्या ओळीवर बोट ठेवून डॉक्टरला विचारणे हे त्या शिकवणुकीला सोडून नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट केली आहे. रुग्णालयाने कारणाचे हे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवावयाचेच, शिवाय त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास द्यावयाची. पूर्वी हा कागद आपल्या दृष्टीसही पडत नसे. आता तो मागून घ्या. मागताना आवाज चढविण्याची गरज नाही, पण रिकाम्या हाताने परत फिरण्याचीही नाही.

खेड्यात घरीच मृत्यू झाला आणि डॉक्टरचे तोंडही पाहिलेले नसेल, तर काय? तेथे कारणाच्या रकान्यात घरच्या माणसाने सांगितलेलेच उतरते. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणास वैद्यकीय प्रमाणपत्र होते. बाकीच्यांची कारणे कोणत्याही डॉक्टरने प्रमाणित केलेली नाहीत. खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर आहे व मुदत २१ दिवसांची आहे. ३० दिवस उलटले तर वरिष्ठ निबंधकाची परवानगी लागते, आणि वर्ष उलटले तर जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. खबर देताना "देवाने नेले", "भोग संपले", "करणी झाली" असे सांगू नका. कावीळ होती तर कावीळ, बाळंतपणात रक्त गेले तर बाळंतपणात रक्त गेले असे सांगा. त्याच अर्जात मृताच्या धर्माचा रकाना असतो. तो विचारल्यावाचून भरला जाऊ नये. तेथे "बौद्ध" असे लिहवून घ्या.

आता त्या मृत्यूंकडे वळतो ज्यांच्यासाठी मी हा विषय घेतला.

आत्महत्या, खून, अपघात, जनावराने वा यंत्राने झालेला मृत्यू, किंवा कोणी गुन्हा केला असावा असा संशय येण्याजोगा मृत्यू असेल, तर डॉक्टरने परस्पर प्रमाणपत्र देऊन प्रेत ताब्यात द्यावयाचे नसते. पोलिसांस कळवावे लागते. आपल्याकडे पोलीस याची नोंद "अकस्मात मृत्यू" म्हणून करतात. तिला क्रमांक असतो. तो क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पुढे वर्षभराने कचेऱ्यांतून हिंडताना तोच एक धागा हाती असतो. पोलीस अंमलदाराने जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवून, प्रेत असेल तेथे जाऊन, शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष प्रेताची पाहणी करावयाची, जखमा, मोडलेली हाडे, खरचटे, वळ यांचे वर्णन लिहावयाचे आणि दिसणारे कारण नमूद करावयाचे. हाच प्रेताचा पंचनामा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली होतो. मुंबईकरांपैकी वृद्धांना कॉरोनर आठवत असेल. १८७१ च्या कायद्याने नेमलेला तो अधिकारी ज्यूरी बसवून अशा मृत्यूंची चौकशी करी. १९९९ साली ती पद्धत बंद झाली व मुंबईलाही इतर महाराष्ट्राप्रमाणे पोलीस पंचनामाच लागू झाला.

कायद्याने "प्रतिष्ठित रहिवासी" म्हटले आहे. आता गावात प्रतिष्ठित कोण, हे तुम्हांस मी सांगावयास नको. पंचनाम्याला जे दोन पंच उभे केले जातात ते बहुधा ज्यांच्या शेतात, ज्यांच्या विहिरीत, ज्यांच्या आवारात माणूस मेला त्यांच्याच बैठकीतले असतात. परंतु प्रतिष्ठा म्हणजे जमीन, असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. शिक्षक, पोस्टमन, निवृत्त कामगार, बचतगटाची अध्यक्ष असलेली भगिनी, हे सारे रहिवासीच आहेत आणि प्रतिष्ठितही आहेत. आपल्या वस्तीतील दोन वाचते-लिहिते माणसे तेथे नेऊन उभी करा आणि "आम्ही पंच होण्यास तयार आहोत" असे सांगा. अंमलदार ऐकेलच असे नाही. पण मग न ऐकल्याची गोष्ट लिहून ठेवता येते, आणि न्यायालयात ती विचारता येते.

पंच काय पाहतो यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. फासाचा वळ गळ्यावर वरच्या बाजूस, तिरपा आणि मागे कोठेतरी तुटलेला असेल तर तो बहुधा लटकल्याचा. गळ्याभोवती खालच्या अंगाला आडवा व पूर्ण फिरलेला असेल तर गळा आवळल्याचा संशय घ्यावा लागतो. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूस उतरते व तेथे जांभळट डाग पडतात. काही तासांनी ते पक्के होतात. माणूस उताणा सापडला आणि डाग पोटावर असले तर मेल्यानंतर त्याला कोणीतरी हलविले आहे. जळालेल्या प्रेताच्या श्वासनलिकेत काजळी सापडली तर आग लागली तेव्हा तो श्वास घेत होता. ती नसली तर आधी काय झाले हा प्रश्न उभा राहतो. ही सारी सर्वसाधारण लक्षणे आहेत व त्यांना अपवाद असतात. तुम्ही आम्ही त्यावरून निकाल द्यावयाचा नाही. परंतु "अंगावर जखमा नाहीत" या ठराविक वाक्याऐवजी वळ कोठे, डाग कोठे, कपडे कसे, चपला कोठे, हे लिहविण्याचा आग्रह धरता येतो. मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवता येते. प्रेत दिवसाउजेडी पाहावे.

येथे एक कायद्याची बारीक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ गैरसमज होतो. पंचनाम्यात मारेकऱ्याचे नाव नाही म्हणून कुटुंबे हताश होतात. १९७५ साली पोद्दा नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या चौकशीचा हेतू मृत्यूचे दिसणारे कारण ठरविणे एवढाच आहे. कोणी मारले, कसे मारले याचा तपशील तेथे नसला तरी बिघडत नाही. तेव्हा नाव सांगावयाचे ते फिर्यादीत. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली पाच न्यायाधीशांनी ठरविले आहे. "आधी शवविच्छेदनाचा अहवाल येऊ द्या, मग फिर्यादीचे बघू" हे उत्तर स्वीकारू नका. ठाण्यात नाकारले तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकाकडे, आणि तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्याकडे.

आणि तो एक जबाब! दुःखाने डोके सुन्न झालेल्या बायकोसमोर, बापासमोर एक कागद धरतात. त्यावर लिहिलेले असते, "आमचा कोणावरही संशय नाही, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही." प्रेत लवकर मिळावे म्हणून माणसे सही करतात. माझ्या व्यवसायात मी ज्या कागदांचा सर्वाधिक द्वेष करतो त्यांत हा पहिला. तुम्ही एवढेच म्हणा की, मला आज काही सांगता येत नाही, अहवाल आल्यावर सांगेन. आणि तसेच लिहून घ्यावयास लावा. संशय आहे असे खोटे सांगू नका. संशय नाही असेही कोणाच्या सोयीसाठी सांगू नका.

मृत्यूच्या कारणाविषयी शंका असेल तर प्रेत सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे शवविच्छेदनास पाठवावे लागते. लग्नास सात वर्षे झालेली नसताना स्त्रीने आत्महत्या केली, किंवा तिच्या मृत्यूविषयी रास्त संशय असला, किंवा तिच्या नातेवाइकाने मागणी केली, तर त्याबाबत पोलिसाची मर्जी चालत नाही, पाठविलेच पाहिजे. मुलगी सासरी मेल्याची बातमी आली की माहेरच्यांनी ही मागणी लेखी द्यावी. चिरफाड नको, अशी आपल्या लोकांची भावना असते. ती मी समजू शकतो; माझ्या घरीही ती होती. परंतु पूर्वीच्या समजुतीप्रमाणे सूर्य मावळण्यापूर्वी दहन झालेच पाहिजे, नाहीतर गती मिळत नाही, ही भीती आपण दीक्षेच्या दिवशीच मागे टाकली आहे. मग एक रात्र थांबण्यास अडचण कोणती? पुरलेले प्रेत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पुन्हा बाहेर काढता येते. राख कोणत्याही आदेशाने पुन्हा बोलत नाही.

शवविच्छेदनानंतर कित्येकदा "मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला" असा शेरा मिळतो. व्हिसेरा म्हणजे जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड वगैरेंचे भाग व रक्त. विषाची तपासणी करण्यासाठी ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते. तो अहवाल आल्यावर डॉक्टरने अंतिम मत द्यावयाचे असते. यास महिनोन्‌महिने लागतात आणि मधल्या काळात कुटुंब विसरते, पोलीसही विसरतात. सबब दर महिन्यास अकस्मात मृत्यूचा क्रमांक घालून एक साधा अर्ज करीत जा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. गुन्हा दाखल असेल तर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीस वा पीडितास कळविणे हे नव्या संहितेने पोलिसांचे कर्तव्य केले आहे, आणि मृताचा वारस हा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पीडितच आहे.

नीट न झालेले शवविच्छेदन काय करते हे पाहावयाचे तर भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. प्रेते कालव्यात सापडली. पहिल्या शवविच्छेदनावर गंभीर आक्षेप आले आणि प्रेते उकरून पुन्हा तपासावी लागली. तोवर शरीरावर जे वाचावयाचे ते किती उरले असेल? २००८ साली विशेष न्यायालयाने आठ जणांस खुनाबद्दल दोषी ठरविले, परंतु स्त्रियांवरील अत्याचाराचा व जातीय अत्याचाराचा आरोप सिद्ध झाला नाही असे म्हटले. माणसे मेली हे कोणीही नाकारले नाही. ती कशी व का मेली, यावरच सारा लढा राहिला.

अशा प्रकरणी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला तर, २०१६ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे, मृत्यूबद्दल ८ लाख २५ हजार रुपये साहाय्य आहे. त्यातील निम्मे शवविच्छेदनानंतर व निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. म्हणजे ज्या चिरफाडीला आपण भितो त्याच कागदावर पहिला हप्ता अवलंबून आहे. आणि नवदीक्षितांनो, धर्मांतर केल्याने या कायद्याचे संरक्षण गेले, असे कोणी म्हणाले तर त्यास १९९० सालची घटनात्मक आदेशातील दुरुस्ती दाखवा. तिने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांस अनुसूचित जातींत स्पष्टपणे धरले आहे.

कोठडीतील मृत्यूची गोष्ट वेगळी आहे. तेथे ज्याच्या ताब्यात माणूस मेला त्यानेच कारण लिहावे हे कायद्याला मान्य नाही. पोलीस वा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला तर पोलीस तपासाशिवाय न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करावयाची. नव्या संहितेचे कलम १९६. प्रेत २४ तासांच्या आत तपासणीस जावे, मृताच्या नातेवाइकांस शक्य तेथवर कळवावे व चौकशीस हजर राहू द्यावे, असे त्यात आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासही २४ तासांत खबर जावी लागते, आणि शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे असा आयोगाचा दंडक आहे. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झाले, अटका झाल्या, आणि १५ डिसेंबर रोजी कायद्याचा एक तरुण विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. प्रकृती बिघडल्याचे कारण पुढे आले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे नमूद होते. ते चार-पाच शब्द त्या मातेच्या हाती नसते तर पुढचे काहीच झाले नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, व त्याच महिन्याच्या ३० तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दंडाधिकाऱ्याचा चौकशी अहवाल आल्यावर पुढे काय करावयाचे याविषयी १९६ वे कलम मौन आहे, हेही या प्रकरणात दिसून आले. वकील म्हणून मला ही उणीव फार मोठी वाटते.

आता त्या भगिनीकडे परत येतो. तिच्या दाखल्यावर कारण नव्हते म्हणून आम्ही बाकीचे कागद मिळविले. प्रेताच्या पंचनाम्यात लिहिले होते, "रस्त्याने जात असता तोल जाऊन उघड्या चेंबरमध्ये पडून मयत." शवविच्छेदनाच्या अहवालात कारण होते श्वासावरोध, आणि श्वासनलिकेत मैल्याचा गाळ सापडल्याचे वर्णन होते. दोन्ही कागद एकाच दिवसाचे, पण दोन वेगळ्या माणसांविषयी लिहिल्यासारखे. मलवाहिनीत कुजणाऱ्या मैल्यापासून हायड्रोजन सल्फाईड आणि मिथेन साचतात, प्राणवायू कमी होतो. आत उतरलेला मनुष्य काही क्षणांत बेशुद्ध होऊन तोंडावर पडतो आणि श्वासाबरोबर गाळ आत ओढतो. डॉक्टरने पाहिले ते बरोबर लिहिले होते. त्याला प्रश्नच एवढा होता की श्वास कशाने कोंडला. मनुष्य तेथे कसा आला हे त्याला विचारलेले नव्हते.

आणि सारा पैसा, सारी जबाबदारी त्या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून होती. वाटसरू तोल जाऊन पडला तर तो अपघात. कामगारास संरक्षक साधनांवाचून आत उतरविले, तर २०१३ च्या कायद्याने तो उतरविणाऱ्याचा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंबद्दल १० लाख रुपये भरपाई ठरविली होती, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख केली. "तोल जाऊन" या दोन शब्दांची किंमत काय, ते आता लक्षात येईल. मी तिला विचारले, "ताई, त्या दिवशी त्यांच्या अंगावर काय होते?" ती म्हणाली, "चड्डी आणि बनियन. शर्ट वर ठेवला होता, घाण लागू नये म्हणून. कमरेला दोर होता." रस्त्याने जाणारा मनुष्य कमरेला दोर बांधून जात नाही. तो दोर पंचनाम्यात नव्हता. शवविच्छेदनाच्या अहवालात, प्रेताबरोबर आलेल्या वस्तूंच्या रकान्यात, तो एका ओळीत होता. कारण शवागारातील कोणा मनुष्याने आपले काम नीट केले होते.

आम्ही उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. दोन पंचांपैकी एकाने जबाबात सांगितले की, आपण ते चेंबर पाहिलेच नाही. सही चहाच्या टपरीवर केली. दुसरा अजून समन्सला हजर झालेला नाही. तिचा जो "तक्रार नाही" असा जबाब घेतला होता तो समोरच्या पक्षाने दाखल केला आहे आणि त्याला उत्तर देणे चालू आहे. पुढच्या तारखेस शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आहे. मुलगा प्रत्येक तारखेला आईबरोबर येतो, आणि आता कागद तोच आधी वाचतो.